लोणच्याचं लुगडं

आमच्या घरात लोणच्याचं एक लुगडं होतं. म्हणजे माझी घरची, माझी बायको, लोणचं घालायच्या दिवशी जे नेसायची, ते. फिकट जांभळं, बारीक काठाचं, सुती. ट्रंकेत ते एकटं असायचं. धुवायचं वेगळं, वाळवायचं वेगळं. त्याच्यावर हळदीचे डाग होते, ते तिनं कधी काढले नाहीत. ते नेसून ती लिंबं चिरायला बसली की कोणी तिच्याशी बोलायचं नाही, आणि तीही कोणाशी बोलायची नाही. बोललं की थुंकी उडते, थुंकी उडाली की बुरशी येते, असं तिचं म्हणणं. आमच्या लोणच्याला बुरशी आलेली मी पाहिली नाही, म्हणून मी त्या म्हणण्यात कधी बोट घातलं नाही.

मागच्या साली ती गेली. तिचे कपडे रीतीप्रमाणं देऊन टाकले, हे लुगडं ठेवलं. भावकीतल्या बायकांनी टोकलं तेव्हा मी सांगितलं, हा कपडा नाही, हे अवजार आहे. माणूस मेल्यावर घरातला विळा कोणी वाटून टाकतं का? मला सुचलेलं उत्तर दुसऱ्याला सुचत नाही, असं पुष्कळदा होतं.

तिच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी आम्ही नदीवर बसून होतो. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. गाव बोलायचं ते बोललं, की पोरीचं बाळंतपण करायचं राहिलं, तिथं जीव अडकला. मी म्हणालो, रस्ता रुंद केला तेव्हा झाडं गेली, झाडांबरोबर कावळे गेले, त्यात जीव कुठून आला? पण पोरीचं खरं होतं. आमची एकच पोर, दूर देऊळगाव राजाला दिलेली. दोन खेपा तिला दिवस गेले आणि दोन्ही खेपा पोट रिकामं झालं. तिसऱ्या खेपेचं सांगायला फोन आला तेव्हा तिची माय राहिली नव्हती.

सातवा लागायच्या आधी पोरीचा पुन्हा फोन आला. आवाज असा बारीक की मी मोबाईल कानात खुपसला.

"बाबा, काही ठरत नाई पोटात. पाणी पेलं तरी उलटी होते. डॉक्टर म्हणते, बाळाचं वजन भरून नाई राह्यलं. म्या खाल्लं नाई तर हेबी राहणार नाई म्हणते."

"मंग खा ना बाई काहीतरी."

"मायच्या हातचं लिंबाचं लोणचं खावंसं वाटते. दुसऱ्या कशाचा वासबी नको वाटते."

मायच्या हातचं कुठून आणू? बरणी केव्हाच धुऊन पालथी घातली होती. मी म्हणालो, "आणतो." फोन ठेवला आणि मग विचार करायला बसलो की कसं आणतो.

जावयाचं म्हणणं होतं, डोहाळजेवणाला ओटी भरायला येणाऱ्या बायकांना प्लास्टिकचे डबे देऊ, रिटर्न गिफ्ट म्हणून. मी म्हणालो, माझ्या पोरीच्या ओटीला प्लास्टिक नको. मी बरण्या आणीन. घरचं लोणचं आणि घरच्या कापसाच्या फुलवाती, भरून आणीन.

"मामा, कोण करणार पण हे?" तो म्हणाला.

"मी मेलो का?" मी म्हणालो.

मी तिसरी शिकलो. पण सोनाळ्याच्या स्टँडवर जन्मभर माझं शेव-चिवड्याचं दुकान होतं, आणि काचेची बरणी कशी धुवावी, कशी वाळवावी, तिच्यातलं सादळू कसं देऊ नये, हे मला शिकवायला कोणी येऊ नये. दुकान बंद केलं तेव्हाच्या काही बरण्या होत्या. बाकी लहान लहान, मधाच्या, कॉफीच्या, भंगारवाल्याकडून निवडून आणल्या. पत्र्याची झाकणं घट्ट बसणाऱ्याच घेतल्या. लिंबं शेजारच्या मळ्यातली. तेलाचा थेंब नाही. मीठ, हळद, तिखट, गूळ आणि ऊन. जसं ती घालायची तसंच. मी चिरताना तोंड उघडलं नाही. बोलायला घरात कोणी नव्हतंच म्हणा.

शेजारी एक म्हातारी भाभी राहते. तिचा नवरा आमच्या स्टँडवर छत्र्या, कुलपं दुरुस्त करायचा, आता नाही. मी ओसरीत कापूस पिंजून फुलवाती वळत बसलो की ती कुडापलीकडून हसायची.

"या अल्ला! भाऊ, आता बांगड्याबी भरून घ्या."

"तुमच्या मापाच्या असतीन तर द्या."

"वाती बायकाईनं वळाव्या. मर्दाच्या हातची वात जळते का?"

"देवाले वातीवर मिशा दिसते का भाभी?"

अशी आमची रोजची. लोणचं मुरेपर्यंत वाती तयार झाल्या, तुपात भिजवून बरण्यांत बसवल्या. मग लोणच्याच्या बरण्यांना धूर द्यायचा दिवस आला.

धूर म्हणजे असा, की निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकायचा आणि त्याच्यावर कोरडी बरणी पालथी धरायची. बरणी पांढऱ्या धुरानं भरते. मग उताणी केली की धूर निघून जातो, वास राहतो, आणि त्या वासाला बुरशी भिते. भर दुपारी अंगणात मी बरण्या धुरवून ओळीनं ठेवल्या. सगळ्यांतून धूर निघून गेला. पोरीसाठी ठेवलेल्या मोठ्या बरणीतून गेला नाही. तोंड उघडं, वारा चालू, आणि आत धूर तसाच उभा. वर येत नव्हता, विरत नव्हता. हळूहळू एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळत होता, जसं झोपलेलं माणूस कूस बदलतं. मी बरणी हलवली. धूर हलला नाही.

भाभीनं कुडावरून पाहिलं आणि हसली नाही.

"भाऊ, ते बरणी राहू द्या."

"काच थंडी असन," मी म्हणालो. "थंड्या काचेत धूर बसते."

"एवढ्या उन्हात?"

उन्हं कलली तेव्हा पाहिलं तर बरणी स्वच्छ होती. मी लोणचं भरलं.

राहिले दादरे. बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं, त्याला दादरा म्हणतात. बाजारातलं कापड खळीचं, ते चिमटत नाही, गाठीत सरकतं. जुनं धुतलेलं सूतच पाहिजे. घरात तसं एकच होतं. मी ट्रंक उघडली, लुगडं काढलं, कात्री घेतली. वाटलं, ती असती तर हेच लुगडं नेसून हे काम करत असती, मग लुगड्यानं तिच्या मागं हे काम का करू नये? मला यात काही वावगं दिसलं नाही. आजही कोणी म्हणालं तर मी भांडायला तयार आहे.

पहिला गोल कापला तेव्हा भाभी दारात उभी होती. वाटीत मला भाजी घेऊन आली होती.

"भाऊ, हे काय करून राह्यले तुमी? भाबीचं लुगडं हाय ना ते?"

"हाव."

"अन् पोटुशी लेकीकडे नेता?"

"तिच्या मायचं हाय. वैऱ्याचं थोडीच हाय?"

"मायचं हाय म्हणूनच सांगते. मायेचा हात लवकर सुटत नाई." वाटी चौकटीपाशी ठेवून ती निघून गेली. घरात पाय टाकला नाही.

मी सगळ्या बरण्यांना दादरे बांधले. सुतळीची सुरगाठ, माझ्या हातची, मोकळं टोक उजव्या अंगाला. दुकानात जन्मभर पुड्या बांधल्या, माझी गाठ डोळे मिटूनही तशीच बसते. बरण्या देवळीत आणि खाली फरशीवर लावून ठेवल्या.

सकाळी पाहिलं तर मोकळी टोकं डाव्या अंगाला होती.

आता इथं एक सांगावं लागतं. माझी घरची डावखुरी होती. तिची सुरगाठ उलटी बसायची. मी माझ्या सवयीनं टोक ओढलं की ती सुटायची सोडून अजून आवळायची, निरगाठ व्हायची. पिठाचा डबा असो, धान्याचं पोतं असो, तिच्या गाठी मी दातानं सोडल्या आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. ती गाठ मी कशी विसरीन?

मी फरशीवर बसलो. एक गाठ माझ्या पद्धतीनं ओढली. आवळली.

माझ्या हातांना कापरं नव्हतं, डोळ्यांत मोतिबिंदू नव्हता, तो काढून झाला होता. दाराला आतून कडी होती. मी सगळ्या सुतळ्या कात्रीनं कापून दादरे सोडले, नव्या सुतळ्या घेतल्या, दिवसाउजेडी परत बांधले. एकेक गाठ बांधून बोटानं चाचपली. मग नळावर पाणी भरायला गेलो. परत आलो तर फरशीवर सुतळीचे तुकडे जसेच्या तसे पडलेले, बरण्या जागच्या जागी, आणि टोकं पुन्हा डावीकडे. मोठ्या बरणीच्या दादऱ्याला तर चुण्याही घातलेल्या होत्या, सारख्या, जशा ती पदराला घालायची. मला चुण्या घालता येत नाहीत.

मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? लोक म्हणाले असते, म्हातारा एकटा राहून चळला. आणि पोरीला शब्द दिला होता. थैल्यांत पेंढा घालून बरण्या बसवल्या आणि गाडी पकडली.

सोनाळ्याहून बुलढाण्याला, तिथून त्याच गाडीनं देऊळगाव राजाला. मोठी बरणी मांडीवर घेतली. घाट चढताना दादऱ्याखालच्या पत्र्याच्या झाकणानं टक् केलं. मग खालच्या थैलीतल्या एकीनं केलं. मग दुसरीनं. लोणचं फसफसतं, वर चढलं की हवा पातळ होते, झाकणं बोलतात, हे मला ठाऊक आहे. शेजारी बसलेल्या माणसानं पाय आखडून घेतले.

"काय हाय बाबा थैलीत? जितं हाय का काही?"

"लोणचं हाय."

"लोणचं बोलते?"

"तुमच्या घरचं मुकं असन."

तो हसला. बुलढाणं मागं पडलं, सपाट रस्ता लागला. आता झाकणांनी गप्प बसायला हवं होतं. ती गप्प बसली नाहीत. एक टक् करायची, थोडं थांबून दुसरी करायची. बायका पाण्यावर जाताना एकमेकींना हाका मारतात, तसं. तो माणूस उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. मी मांडीवरच्या बरणीवर हात ठेवला. बरणी गार असायला पाहिजे. ती अंगासारखी कोमट होती. माझ्याच अंगाची ऊब असेल, असं मी ठरवलं.

पोरीला पाहिलं आणि माझं ठरवलेलं सगळं गेलं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, आणि आत हाडं. पोट तेवढं पुढं. ओटी भरणाऱ्या बायका हसून बोलत होत्या, पण हसताना तिच्याकडं बघत नव्हत्या. पानात पंचपक्वान्नं वाढलेली. तिनं एक घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला.

इहीणबाई, म्हणजे पोरीची सासू, बाई कडक पण वाईट नाही. बायकांच्या हातात बरण्या देता देता तिचा हात थांबला. दादरा बोटांत धरून तिनं मला ओसरीवर बोलावलं.

"इवाई, हे कापड कशाचंय?"

"दादरा हाय."

"ते दिसतंय मला. कापड कशाचंय?"

मी खोटं बोलत नाही. "तिच्या लोणच्याच्या लुगड्याचं."

आतल्या बायकांच्या माना इकडं वळल्या.

"मेलेल्या बाईचं लुगडं! अन् आणलंत कुठं, तर पोटुशीच्या पुढ्यात? दोनदा हात पोळलेत आमचे, इवाई. तिसऱ्यांदा नाही सोसायचं या पोरीला."

"मेलेली म्हणू नका. अहेव गेली ते, माह्या आधी. तिच्या कपायाचं कुंकू तुमी सोता बोटानं घेतलं होतं."

"घेतलं. अन् कावळा शिवला नाही तेही तिथंच उभं राहून बघितलं."

एकेक बाई उठली. जाताना प्रत्येकीनं आपली बरणी ओट्यावर ठेवली. पण अहेव बाईची वस्तू कोरडी कशी परतवायची? म्हणून पहिलीनं बरणीच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं, दादऱ्यावर चार तांदूळ टाकले. मग सगळ्यांनी तेच केलं. अंगण रिकामं झालं तेव्हा मी ओट्याकडं पाहिलं. जांभळ्या पदराच्या, कुंकू लावलेल्या, डोक्यावर अक्षता घेतलेल्या बुटक्या बुटक्या बाया ओळीनं बसल्या होत्या. तोंडं घराकडं.

इहीणबाई भीत होती ती रीतीला. तिनं काही पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. मी थैल्या उचलल्या आणि बरण्या भरायला घेतल्या.

"बाबा." पोर आतून म्हणाली. "मोठी कुठी हाय? माही?"

मोठी बरणी तिच्या पलंगाखालीच राहिली होती, मी आल्या आल्या ठेवलेली. मी आत जाईपर्यंत तिनं ती मांडीत घेतली होती. गाठीवर बोट फिरवत होती.

"हे कोणी बांधली?"

"म्या."

"खोटं नका बोलू. तुमची गाठ असती तर बुलढाण्यापर्यंत सुटून गेली असती."

"बाई, नको खाऊ ते. दे मले."

"काऊन?"

मग मी सांगितलं. धूर, गाठी, चुण्या, गाडीतला आवाज, सगळं. इहीणबाई दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं पोर घाबरेल. तिच्या तोंडावर जे आलं ते मी तिच्या लहानपणी पाहिलं होतं, शाळेतून आल्यावर घराला कुलूप नसलं की यायचं.

"आली म्हना ना मंग," ती म्हणाली. "किती दिवसाची बोलावून राह्यली मी तिले."

"पोरी, ती मायच असन, पण आता ते..." मी तिच्या पोटाकडं बोट केलं. "तुह्या पोटात लेकरू हाय. काही झालं तर?"

"काही नाई खाल्लं तर काय होते, ते डॉक्टरनं सांगतलं ना बाबा."

मी बरणीला हात घातला. तिनं सोडली नाही. एवढ्या वाळलेल्या हातांत तेवढी ताकद मला अपेक्षित नव्हती. इहीणबाईकडं पाहिलं, की तुमी तरी सांगा. ती कोपऱ्यातलं घमेलं आणायला वळली. पोरीनं डाव्या हातानं टोक धरून एकदा ओढलं. गाठ मऊ सुटली.

वास घरभर झाला. तो लोणच्याचाच होता. लिंबाचा, हिंगाचा. पण त्याच्याखाली दुसरा एक होता, चुलीपुढच्या घामाचा, आणि तो चिरलेल्या लिंबांत मी घातला नव्हता.

पोरीनं फोड काढली, तोंडात टाकली, डोळे मिटून चोखली. इहीणबाईनं घमेलं पुढं धरलं, रोजच्या सवयीनं. पोरीनं गिळलं. थांबली. दुसरी फोड घेतली.

"भाकर हाय का?" तिनं विचारलं.

इहीणबाई धावत गेली. अर्धी भाकर गेली, मग उरलेली अर्धी. घमेलं कोरडं राहिलं. खाऊन पोर भिंतीला टेकली आणि तिथंच तिला झोप लागली, तोंड उघडं टाकून, लहान असताना निजायची तशी. फुलांचा मुकुट कानावर आला होता.

इहीणबाई ओट्यावर गेली. मी मागं गेलो. तिनं पदर सावरला, बरण्यांपुढं उभी राहिली आणि घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तशी हळू बोलली, "बाई, तुमची लेक जेवली. डोळ्यांनी बघितलंत. आता तुम्ही मोकळ्या व्हा. जा."

"आई, नका ना पाठवू तिले." पोर जागी नव्हती असं आम्हाला वाटलं होतं. "बाळंतपण व्हायचं हाय अजून."

इहीणबाई बरण्यांकडं वळली. मला वाटलं, आता ही बरण्या रस्त्यावर टाकते. तिनं वाकून पहिली बरणी उचलली, पदरानं पुसली, पण कुंकू पुसलं नाही. आत नेऊन पोरीच्या उशापाशी खिडकीत ठेवली. मग दुसरी. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, "तुम्ही नका. हे आम्हा बायकांचंय." सगळ्या बरण्या आत गेल्या. मी रिकाम्या थैल्या घड्या घालून संध्याकाळच्या गाडीनं निघालो. परतीच्या गाडीत शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर झोपला. मी त्याला उठवलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण माझ्या घरात बाई नाही, म्हणून ते तिकडंच, देऊळगावच्या दवाखान्यात ठरलं. तोपर्यंत पोर रोज जेवली. दिवस भरून पोरगी झाली, चांगली वजनदार. फोन इहीणबाईचाच आला. आधी नात कशी आहे ते सांगितलं, मग पोर कशी आहे ते. मग थांबली. मी म्हणालो, "बोला."

"आत एकीलाच सोडलं होतं. मी होते. तिचा उजवा हात माझ्या हातात होता, असा दाबायची की माझ्या बांगड्या मोडल्या." तिनं आवाज बारीक केला. "डावा हात तिनं गादीवरनं उचललेला होता, इवाई. अधांतरी. बोटं मिटलेली, कोणाचा तरी हात धरल्यासारखी. शेवटच्या कळेपर्यंत तो खाली पडला नाही. तिकडच्या अंगाला कोणीच नव्हतं. म्हणजे मी बघितलं नाही. मान वळवलीच नाही मी तिकडं."

"बरं केलं," मी म्हणालो.